सूचिपर्णी जंगलातली औषधी शेल्फ मशरूम: आधी झाड बघा, मग पोट, टोपी सगळ्यात शेवटी

पडलेल्या स्प्रूसच्या ओंडक्यावर लाल, चकचकीत, वॉर्निश मारल्यासारखं काहीतरी दिसलं आणि मी जागेवरूनच चार मित्रांना फोटो पाठवून मोकळा झालो, रेशी (औषधी म्हणून गाजलेलं मशरूम) सापडलं म्हणून. घरी आणून सुरी घातली तर सुरी आतच जाईना. शेवटी करवत काढली. आत क्रीम रंगाचं टणक लाकूड, आंबूस उग्र वास, आणि बीजाणू सोडणाऱ्या बारीक नळ्यांचे (खालची छिद्रं म्हणजे त्यांचीच तोंडं) एकावर एक पाच थर. रेशीशी दुरान्वयानेही संबंध नव्हता. ते होतं फोमिटॉप्सिस पिनिकोला, म्हणजे लाल पट्ट्याचं शेल्फ (खोडाला फळीसारखं चिकटून वाढणारं मशरूम), सूचिपर्णी जंगलात पावलापावलावर भेटणारं. तेही औषधी म्हणून वापरतात, पण ते रेशी नाही, आणि माझी चूक एकच होती, मी टोपी बघून ठरवलं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केलाय. आधी झाड, मग लाकूड कसं कुजलंय ते, मग मशरूमचं पोट म्हणजे खालची बाजू, मग कापून आतला गर, आणि टोपीचा रंग एकदम शेवटी. टोपी ऊन, पाऊस, वय, शेवाळ यांनी इतकी बदलते की एकाच ओंडक्यावरची दोन भावंडं वेगवेगळ्या जातीची वाटतात. पोट सहसा फसवत नाही.

सोबत काय घ्यायचं

फार काही नाही. चांगली सुरी, 10 पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, मिलिमीटरवाली पट्टी, कागदी पिशव्या, पेन्सिल, वही. पेन नको, ओलाव्यात चालत नाही. प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नको, दोन तासात आतलं मशरूम घामेजतं आणि घरी पोचेपर्यंत त्यातल्या अळ्या पिकनिकला निघालेल्या असतात. फोटो काढायचे तर किमान चार: वरून, खालून, बाजूने आणि अख्ख्या झाडाचा. लोक पहिला काढतात आणि बाकीचे तीन विसरतात, मग कोणाला विचारलं तरी समोरचा काय डोंबल सांगणार.

झाड कुठलं

उभं हिरवं झाड असेल तर सुया बघा. पाइनच्या सुया जुडग्यात असतात, बहुतेक 2, 3 किंवा 5. स्प्रूसची सुई एकेकटी आणि चौकोनी, अंगठा आणि बोटाच्या मध्ये फिरवली की कडा लागतात आणि ती गडगड फिरते. फरची सुई चपटी, ती फिरत नाही. लार्चच्या सुया आखूड फांद्यांवर गुच्छात येतात आणि थंडीच्या आधी पिवळ्या पडून झडतात. हेमलॉकच्या छोट्या, कमीजास्त लांबीच्या, चपट्या आणि खालून दोन पांढरे पट्टे असलेल्या. हेमलॉक म्हटलं की सॉक्रेटिसचा विषाचा पेला आठवतो पण ती वनस्पती वेगळी, हे झाड वेगळं.

पण खरी गोम अशी की आपल्याला हवी ती मशरूम बहुतेक वेळा मेलेल्या, साल निघालेल्या ओंडक्यावर असतात, सुया कुठून आणणार. मग आजूबाजूची उभी झाडं बघायची, खाली पडलेले शंकू बघायचे. स्प्रूसचा शंकू अख्खा खाली पडतो, फरचा झाडावरच सुटा सुटा होतो, त्यामुळे जमिनीवर अख्खा फर-शंकू जवळजवळ सापडत नाही. डग्लस फर नावापुरताच फर, त्याच्या शंकूत खवल्यांमधून तीन टोकांच्या जिभा बाहेर डोकावतात, एकदा बघितल्या की विसरत नाही. आणि तरीही कळलं नाही तर वहीत 'सूचिपर्णी, नक्की कुठलं माहीत नाही' असं लिहायचं, लाज वाटून घ्यायची नाही. अंदाजाने 'स्प्रूस' लिहून ठेवलं की पुढची सगळी ओळख त्या चुकीवर उभी राहते.

एक झाड मात्र पक्कं ओळखता आलंच पाहिजे आणि ते म्हणजे यू. तेही सूचिपर्णीच, चपट्या गडद सुया, शंकूऐवजी लाल मांसल वाटीत बी. झाड स्वतः जहाल विषारी आहे. त्यावर उगवलेलं काहीही मी घेत नाही, मशरूममध्ये विष उतरतं की नाही या वादात पडायचं कारणच काय.

लाकूड कसं कुजलंय

ही पायरी नवखे लोक सरळ ओलांडून जातात आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्त पुरावा इथेच पडलेला असतो. मशरूमच्या शेजारचं लाकूड सुरीने उकरून बघा. ते तपकिरी, कोरडं, चौकोनी ठोकळ्यांत तडकलेलं आणि बोटांत भुगा होणारं असेल तर ती तपकिरी कूज, बुरशीने लाकडातलं तंतूंचं सेल्युलोज खाल्लं आणि ते घट्ट धरणारं लिग्निन मागे ठेवलं. लाकूड फिकट, मऊ, दोऱ्यादोऱ्याचं किंवा पांढऱ्या कप्प्याकप्प्यांचं असेल तर पांढरी कूज, म्हणजे लिग्निनसुद्धा फस्त.

आता याचा उपयोग बघा. फोमिटॉप्सिस पिनिकोला तपकिरी कूज करतं, गॅनोडर्मा म्हणजे रेशीचं कुळ पांढरी. म्हणजे मी त्या दिवशी सुरीच्या टोकाने नुसतं लाकूड उकरलं असतं तरी कळलं असतं. अर्थात एका ओंडक्यावर दोन-तीन बुरश्या एकत्र नांदू शकतात, म्हणून अगदी मशरूम चिकटलंय तिथलंच लाकूड बघायचं, हातभर लांबचं नाही.

अजून एक, आडव्या ओंडक्यावरच्या, अनेक वर्षं जगणाऱ्या शेल्फकडे नीट बघा. पोट कायम जमिनीकडे हवं असतं त्याला, कारण बीजाणू खाली पडायचे असतात. झाड उभं असताना वाढलेलं शेल्फ झाड पडल्यावर आडवं होतं, आणि मग त्याचा नवा थर जुन्याला काटकोनात वाढायला लागतो. असं वळलेलं मशरूम दिसलं की समजायचं, झाड पडायच्या आधीपासून हे इथे आहे. अशा वेड्यावाकड्या नगांची ओळख आकारावरून करायला जाऊ नका.

पोट

भिंग लावा. छिद्रं आहेत, भेगा आहेत, दात आहेत की नुसतंच गुळगुळीत आहे? छिद्रं असतील तर पट्टी ठेवून 1 मिलिमीटरमध्ये किती बसतात ते मोजा, तीन वेगवेगळ्या जागी मोजा. सुरुवातीला हे वेड्यासारखं वाटतं पण सवय होते. मग नखाने हलकं ओरखडा आणि रंग बदलतो का बघा. लांबट भेगा किंवा पट्ट्या असतील, वरून गंजासारखं तपकिरी आणि कडेला पिवळं-केशरी, तर ते बहुधा ग्लिओफायलम, औषधी यादीत शोधत बसू नका. दात असतील आणि कडेला जांभळी झाक असेल तर ट्रायकॅप्टम, त्याच्याकडे परत येतो.

लाल पट्टावाला

सूचिपर्णी जंगलात सुरुवात याच्यापासून करा कारण हा मुबलक आणि ओळखायला त्यातल्या त्यात सोपा. देठ कधीच नसतो, सरळ खोडाला चिकटलेला. मागची जुनी बाजू करडी-काळी, मग लाल-केशरी पट्टा, आणि वाढणारी कड पांढरी किंवा फिकट पिवळी. पोट क्रीम रंगाचं, 1 मिलिमीटरमध्ये साधारण 3 ते 6 छिद्रं. वाढीच्या दिवसात कडेवर आणि पोटावर पाण्यासारखे स्वच्छ थेंब जमतात, दव पडल्यासारखे, पण दव नाही ते, मशरूम स्वतःच सोडतं. पट्टा प्रत्येक वेळी लाल असेलच असं मात्र नाही, पिवळा-तपकिरी पण असतो, काही नगांत पट्टाच नसतो.

यासाठी एक जुनी आणि मजेशीर टेस्ट आहे, काडीची. टोपीच्या वरच्या कवचावर काडेपेटीची जळती काडी काही सेकंद धरली की पिनिकोलाचं कवच राळेसारखं वितळतं, बुडबुडे येतात. याच्याशी हमखास गल्लत होते त्या हेटेरोबॅसिडियन नावाच्या दुसऱ्या शेल्फचं कवच असं वितळत नाही, आणि तो बहुधा बुंध्यापाशी, मुळांवर, सुयांच्या कचऱ्यात अर्धा बुडालेला सापडतो. पण ही टेस्ट जंगलात करायची नाही!! वाळलेल्या सुयांच्या गादीवर उभं राहून काडी ओढणारा माणूस बघितलाय मी. कवचाचा तुकडा घरी आणा, स्टीलच्या ताटलीत ठेवा, तिथे करा. आणि एवढंही लक्षात ठेवा की गॅनोडर्माचं लाखेसारखं कवचही वितळू शकतं, म्हणजे ही टेस्ट एकटी पुरेशी नाही, झाड-कूज-पोट याच्या जोडीनेच.

नावाबद्दल थोडं. स्वार्ट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1810 मध्ये याचं वर्णन केलं, कार्स्टन या बुरशीतज्ज्ञाने 1881 मध्ये फोमिटॉप्सिस या कुळात टाकलं, आणि दीर्घकाळ युरोप-अमेरिकेतलं सगळं एकच समजत होते. नंतर डीएनए तपासल्यावर उत्तर अमेरिकेतले प्रकार वेगळे निघाले, त्यातल्या फोमिटॉप्सिस माउन्सी आणि फोमिटॉप्सिस श्रेंकाय या दोन जातींना 2019 मध्ये नावं मिळाली. म्हणजे जुन्या गाइडमध्ये अमेरिकेतल्या जंगलाच्या फोटोखाली पिनिकोला लिहिलेलं असेल तर ते आज जसंच्या तसं धरता येत नाही.

रेशी, पण कुठलं रेशी

सूचिपर्णी झाडांवरचं चकचकीत गॅनोडर्मा म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्वेला मुख्यतः हेमलॉकवर येणारं गॅनोडर्मा त्सुगे, पश्चिमेला त्याचा दांडगा भाऊ गॅनोडर्मा ओरेगोनेन्स, युरोपात फरवर गॅनोडर्मा कार्नोसम. बाजारात रेशी किंवा लिंगझी म्हणून ज्याचा गाजावाजा होतो ते पूर्व आशियातलं, रुंद पानांच्या झाडांवर येणारं, आणि 2012 मध्ये त्याला गॅनोडर्मा लिंगझी असं स्वतंत्र नाव दिलं गेलं. तेव्हा त्याच्यावर झालेले अभ्यास हेमलॉकवाल्याला जसेच्या तसे चिकटवू नका. रसायनं बरीच मिळतीजुळती असतील पण मिळतीजुळती म्हणजे तीच नव्हेत.

त्सुगे ओळखायचं असं. सुरुवातीला पांढरा गोळा, मग पिवळा, केशरी, आणि शेवटी लालबुंद ते कथ्थई, कड शेवटपर्यंत पांढरी राहते वाढ चालू असेल तोवर. बऱ्याचदा बाजूने निघालेला देठ असतो आणि तोही टोपीसारखाच चकचकीत. पोट पांढरं, ओरखडलं की तपकिरी. कापलं तर सुरी सहज आत जाते, गर पांढरट, बुचासारखा मऊ, नळ्यांचा थर एकच, कारण हे वर्षभराचं पीक, पुढच्या वर्षी नवं येतं. माझ्या त्या 'रेशी'त पाच थर होते, तिथेच प्रकरण संपायला हवं होतं. आणि सगळ्यात गोड पुरावा म्हणजे तपकिरी पावडर. पिकलेल्या गॅनोडर्माच्या टोपीवर, शेजारच्या सालीवर, खालच्या पानांवर तपकिरी धुरळा साचलेला असतो, ते बीजाणू. बोट फिरवलं की टोपी खाली चमकते. पिनिकोलाचे बीजाणू फिकट असतात, असा तपकिरी थर तो टाकत नाही.

खात्री करायची तर पोट खाली करून अर्धं पांढऱ्या आणि अर्धं काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर राहू द्या. सकाळी काहीच पडलं नसेल तर मशरूम म्हातारं किंवा झोपलेलं असतं, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

टर्की टेल वाटतं, पण असतं का?

टर्की टेल, ट्रामेटेस वर्सिकलर, मुख्यतः रुंद पानांच्या लाकडावरचं. सूचिपर्णीवर येतच नाही असं नाही पण क्वचित. सूचिपर्णी ओंडक्यावर पंख्यासारखी पातळ, पट्ट्यापट्ट्यांची, केसाळ मशरूम शेकड्याने दिसली तर शंभरातली बहुतेक ट्रायकॅप्टम असणार. पलटा. ताज्या ट्रायकॅप्टमचं पोट जांभळं, विशेषतः कडेला, म्हातारपणी तपकिरी होतं आणि छिद्रं फाटून दातासारखी दिसतात. टर्की टेलचं पोट पांढरं-क्रीम, छिद्रं बारीक, 1 मिलिमीटरमध्ये 3 ते 5, आणि पाकळी ताजी असताना चामड्यासारखी वाकते, तुटत नाही. पोटाला छिद्रंच नसतील, एकदम सपाट असेल तर ते स्टेरियम, विषय संपला.

टर्की टेलचं नाव औषधात येतं ते मुख्यतः पीएसके नावाच्या अर्कामुळे, जपानमध्ये 1970 च्या दशकापासून तो कॅन्सरच्या उपचारात केमोथेरपीच्या जोडीने वापरला गेला. पण तो अर्क मुद्दाम वाढवलेल्या ठराविक वाणाच्या बुरशीच्या तंतुजाळातून काढून शुद्ध केलेला. आपण जंगलातल्या पाकळ्या उकळून जे पाणी करतो ते पीएसके नव्हे. हे मी मुद्दाम लिहितोय कारण दर दोन दिवसांनी कोणीतरी या दोघांची सांगड घालतं.

अगारिकॉन: बघायचं, हात लावायचा नाही

लॅरिसिफोमेस ऑफिसिनॅलिस. जुन्या, म्हणजे खरोखर जुन्या जंगलातल्या लार्च, डग्लस फर अशा झाडांवर, बऱ्याचदा खूप उंचावर. आधी घोड्याच्या खुरासारखं, मग वर्षानुवर्षं थर चढून खांबासारखं लांब लोंबतं, मोठे नग अर्धा मीटर ओलांडतात. रंग खडूसारखा पांढरा ते पिवळट, वर करडेपणा किंवा शेवाळाची हिरवी झाक, लाल चकचकीत कवच नाही. गर वाळला की खडूसारखाच भुरभुरतो आणि चव इतकी कडू की त्यामुळे त्याला क्विनाइन कॉन्क नाव पडलं, क्विनाइन त्यात नसतं. झाड तपकिरी कुजीचं, आणि तडकलेल्या लाकडाच्या भेगांत पांढऱ्या बुरशीचे जाड, चामड्यासारखे पापुद्रे, हे बघितलं की खात्री पटते.

पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने याच्याबद्दल लिहून ठेवलंय, युरोपात क्षयरोग्यांच्या रात्रीच्या घामावर आणि पोट साफ करणारं जुलाब म्हणून शतकानुशतकं वापरलं, आणि उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मूळ लोकांनी यातून कोरलेल्या आकृत्या त्यांच्या शमनांच्या (मांत्रिक-वैद्यांच्या) थडग्यांवर ठेवल्या. एवढ्या वापराने आणि जुनी जंगलं तुटल्याने आज ते आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत धोक्यातलं म्हणून नोंदलंय. एका नगाला एवढं व्हायला काही दशकं लागतात. तेव्हा सापडलं तर फोटो काढा, झाड आणि उंची लिहा, नेमकी जागा जगजाहीर करू नका, आणि पुढे चला. 'थोडासाच तुकडा' पण नाही.

'शेल्फ मशरूममध्ये विषारी नसतंच' ही थाप

ही थाप मी इतक्या वेळा ऐकलीये की राग येतो. हॅपॅलोपायलस नावाचं एक छोटं, तळहातापेक्षा लहान, दालचिनीच्या रंगाचं शेल्फ आहे. जास्त करून रुंद पानांच्या लाकडावर, पण स्प्रूस-फरवरही येतं. ओळख अशी की टोपी, पोट, गर, सगळं एकाच फिकट तपकिरी-दालचिनी रंगाचं, ताजं असताना स्पंजासारखं मऊ, वाळलं की हलकं आणि ठिसूळ. त्यातलं पॉलिपोरिक ॲसिड मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेवर घाव घालतं, नजर अंधुक होते, तोल जातो, लघवी जांभळी होते.

ते पकडायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं 5 ते 10 टक्के द्रावण वापरतात. कापलेल्या तुकड्यावर एक थेंब, आणि हॅपॅलोपायलस असेल तर डोळ्यादेखत गडद जांभळं होतं. हा बदल इतका नाट्यमय आहे की शंका राहत नाही. फेलिनस गटातल्या तपकिरी गराच्या मशरूमवर तोच थेंब काळा पडतो, तोही उपयोगी पुरावा. द्रावण कातडी आणि डोळे भाजतं, हातमोजे घाला, थेंब टाकलेला तुकडा फेकून द्या.

बुंध्यापाशी किंवा मुळांवरून वर येणारं मोठं, मखमली, कडेला पिवळं-हिरवट असं फेओलस दिसेल, ते रंगारी लोक लोकरीसाठी वापरतात, पोटात घ्यायचं नाही. केशरी-पिवळा लॅटिपोरस सूचिपर्णीवरचा असेल तर बऱ्याच जणांचं पोट बिघडवतो.

घ्यायचं ठरवलं तर

जंगल कोणाचं आहे आणि तिथे काढायला परवानगी आहे का ते आधी बघा. रस्त्याकडेचं, रेल्वेलगतचं, औषध मारलेल्या खांबांवरचं, कारखान्याजवळचं नको, बुरशी जड धातू शोषून घेते. वाढती पांढरी कड असलेलं ताजं घ्या, भोकं पडलेलं, हिरवं झालेलं, खाली काळं पडलेलं तिथेच राहू द्या, त्यात किड्यांची वस्ती असते. आणि एका ओंडक्यावरची सगळी काढू नका.

काप ताजेपणीच पाडायचे, पिनिकोलाच्या बाबतीत तर त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुरीचे हाल होतात. पातळ काप, 40 ते 50 अंशांवर हवा खेळती ठेवून, कडकन मोडेपर्यंत. मध्ये वाकत असेल तर झालं नाही, बरणीत बुरशीवर बुरशी येईल.

पोटात घेण्याबद्दल मी इतकंच म्हणेन की रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल, अवयव बदललेला असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको, आणि रेशीची पावडर घेऊन यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पिनिकोलावरचं बरंचसं काम प्रयोगशाळेतल्या पेशी आणि प्राणी यांच्यावरच आहे. चालू असलेलं औषध बंद करून हे सुरू करायचं, हा प्रकार तर डोक्यातूनही काढा.

बरणीवर चिठ्ठी लावताना नुसतं नाव लिहू नका. तारीख, झाड, उभं की पडलेलं, कुजीचा प्रकार, छिद्रांची मोजणी, ओरखड्याचा रंग, थेंबाचा रंग. आणि प्रत्येक बरणीमागे एक न कापलेला तुकडा वेगळा वाळवून त्याच नंबरने ठेवा, उद्या कोणी जाणकार भेटला किंवा डीएनए करून घ्यायचा झाला तर हाच कामी येतो, काप नाही. माझ्या कपाटात 14 नंबरची एक पुडी आहे, झाड: सूचिपर्णी, माहीत नाही, कूज: पांढरी, बीजाणू: पडले नाहीत, नाव: रिकामं. तीन वर्षं झाली, ती तशीच आहे आणि त्यातलं काही कोणी उकळणार नाही.